अत्र्यांमधला शिक्षक

कुळगाव-बदलापूरचा नाट्यरसिक अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्थानके मागे टाकून कल्याणला नाटक पाहावयास जातो, तेव्हा ज्या रंगमंदिराची पायरी तो चढतो त्याला आचार्य अत्रे यांचे नाव आहे. त्या नावाबरोबर त्याला आठवतात ते व्याख्यानातले हशे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला ‘मराठा’ आणि प्रतिपक्षाची उडविलेली दाणादाण. नावाआधीच्या ‘आचार्य’ या शब्दाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः अत्र्यांच्या कर्तृत्वाची किल्ली त्याच शब्दात आहे.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुरंदर तालुक्यातील कोढीत गावी झाला. पुढे पुण्यातील कँप भागातील एका सामान्य स्थितीतल्या शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी पत्करले आणि ऐन उमेदीची सुमारे अठरा वर्षे तेथे वेचली. १९२८ मध्ये लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन ते परतले ते याच शाळेत. मुलांना रुचेल असे जिवंत मराठी त्यांच्या हाती पडावे, या तळमळीतून त्यांची ‘नवयुग वाचनमाला’ अवतरली. उपदेशाच्या गोळ्या गिळणाऱ्या पिढ्यांना पाठ्यपुस्तकही आनंदाने वाचता येते, हे तिने दाखवून दिले.

समीक्षक अत्रे यांचा जन्मही शिक्षकी पेशातलाच. १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने आलेली ‘झेंडूची फुले’ ही विडंबने केवळ गंमत म्हणून वाचली जातात, हा त्यांच्यावर अन्याय आहे. रविकिरण मंडळाच्या कवींची हळवी लकब, त्यांची ठरीव प्रतीके, फारसी शब्दांचा सोस हे सारे दोष त्यांनी निबंध लिहून नव्हे, तर त्याच वृत्तात त्याच थाटाची कविता रचून उघडे पाडले. वही तपासणाऱ्या मास्तराचीच ती नजर होती. दुर्दैवाने पुढे संपादकाच्या खुर्चीत ही नजर पुष्कळदा गढूळ झाली. ‘नवयुग’ आणि ‘मराठा’मधील त्यांचे अभिप्राय वाचताना स्नेह्यांविषयीची अतिशयोक्ती आणि वैऱ्यांविषयीचा विखार वजा करूनच वाचकाला सत्याकडे जावे लागते. असा समीक्षक लोकप्रिय होतो. विश्वासार्ह होतोच असे नाही.

नाटकांतही हेच द्वंद्व दिसते. १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’पासून त्यांनी मराठी रंगभूमीला मनमुराद हसविले. १९३४ च्या ‘घराबाहेर’मध्ये त्यांच्या नायिकेने घराचा उंबरा ओलांडला तो मात्र हसण्यासाठी नव्हे. १९६२ चे ‘तो मी नव्हेच’ न्यायालयात घडते. प्रभाकर पणशीकरांची झरझर बदलणारी रूपे आणि फिरता रंगमंच यांनी प्रेक्षक इतका भारावतो, की फसविल्या गेलेल्या स्त्रियांची साक्ष त्याच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. टाळी पडते ती लखोबाला. नाटककाराला हे कळत नव्हते असे म्हणणे कठीण आहे. टाळीचा मोह त्यालाही आवरला नसावा.

या पार्श्वभूमीवर ‘श्यामची आई’ हे एक नवल ठरते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक अवघ्या काही दिवसांत लिहिले. गुरुजी अश्रूंचे लेखक, अत्रे हास्याचे. या दोन प्रकृतींचा मेळ बसावा कसा? पण गुरुजीही १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या शाळेत शिकवीत होते, हे विसरता कामा नये. मुलाला वाढविताना मायेइतकाच धाकही लागतो, हे दोघांनीही वर्गात अनुभवले होते.

गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५३ साली, अत्र्यांचा चित्रपट आला. पुस्तक बेचाळीस रात्रींचे आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो आणि बहुतेक रात्री डोळे पाणावतात. वाचकाला हे चालते, कारण तो पुस्तक मिटू शकतो. चित्रपटगृहात तेच असह्य झाले असते. अत्र्यांनी निवडक प्रसंग घेतले आणि कर्जाने हळूहळू पोखरला जाणारा संसार हा त्यांचा कणा केला. त्यामुळे आईच्या शिकवणुकीला दारिद्र्याची पार्श्वभूमी मिळाली आणि ती सुभाषितांच्या पातळीवर राहिली नाही. पोहायला जाण्याची टाळाटाळ करणाऱ्या श्यामला फोकाने झोडपणारी आई वनमालाबाईंनी ज्या करारीपणाने उभी केली, त्यामुळेच नंतरचे तिचे रडणे खरे वाटते. छडीचे ते प्रसिद्ध गाणेही अत्र्यांचेच. ते छडीचे कौतुक म्हणून गाणारे लोक त्यातली खोच हरवून बसतात, ही गोष्ट वेगळी.

१९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके प्रथमच दिली गेली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. पाठोपाठ अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ पडद्यावर आणला. मुलींसाठी शाळा काढणाऱ्या शिक्षकाचे चरित्र त्यांनी निवडावे, हा योगायोग खासच नव्हे. त्यानंतर आंदोलन, वृत्तपत्र आणि विधानसभा यांनी त्यांना गिळून टाकले. १३ जून १९६९ रोजी ते निवर्तले.

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ नव्याने पडद्यावर आणली. तिच्यात श्यामच्या जोडीला प्रौढ साने गुरुजीही आहेत. रंगीत चित्रपटाच्या काळात या दिग्दर्शकानेही कृष्णधवल चित्रणच पसंत केले.