बाजाराची वाट विचारणारा पाहुणा
हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे जीवन आणि व्यवहार



आपले धरणगाव हे जुन्या काळापासून व्यापाराचे गाव आहे. खानदेशातील कापड येथून सुरतेच्या बंदराकडे जात असे. इ.स. १६७४ च्या सुमारास इंग्रजांच्या कंपनीने येथे वखार घातली, ती प्रामुख्याने कापडाच्या खरेदीसाठी. ज्या मुलखात परदेशी व्यापारी माल शोधत आले, त्याच मुलखातील तरुण आज दुबई, मस्कत, दोहा आणि रियाधची वाट धरतात. कोणी हातातले कसब घेऊन जातो, कोणी स्वतःचे दुकान थाटण्याची उमेद घेऊन. प्रत्येकाजवळ चार ओळखींचे क्रमांक असतात. एखादा मामाचा शेजारी असतो, एखादा मदरशातला जुना सोबती, एखादा दूरचा सोयरा. परमुलखात ओळखीवाचून धंदा उभा राहत नाही, हे तुम्ही जाणता. परंतु ओळख ही पाय ठेवून वर चढण्याची शिडी आहे, की सांभाळून परत करण्याची अमानत आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते, अशा एका थोर सहाबींचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

मक्केतील व्यापारी

ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा जन्म हत्तीच्या वर्षानंतर सुमारे दहा वर्षांनी मक्केत झाला. कुरैश कबिल्यातील बनू जुहरा हे त्यांचे घराणे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मातोश्री बीबी आमिना याच घराण्यातील होत. मक्केची जमीन नापीक. तेथील माणसांचे पोट व्यापारावर चाले. कुरैशांचे काफिले हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे सीरियाकडे जात. दिव्य कुरआनातील सूरह कुरैशमध्ये या दोन प्रवासांचा उल्लेख आहे. वाळवंटातून माल सुखरूप न्यायचा, तर वाटेवरच्या कबिल्यांशी करार हवेत आणि पलीकडच्या गावात विश्वासाचा माणूस हवा. ही विद्या त्यांना घरातूनच मिळाली.

त्यांचे जन्मनाव अब्दे अम्र होते. व्यापारी वर्तुळातील सन्मान्य गृहस्थ ह. अबू बक्र (रजि.) यांनी ईमान स्वीकारल्यावर आपल्या जवळच्या मित्रांना सत्याकडे बोलावले. ह. उस्मान, ह. जुबैर, ह. तलहा, ह. सअद बिन अबी वक्कास आणि ह. अब्दुर्रहमान (रजि.) हे सारे त्यांच्याच निमंत्रणावरून इस्लामच्या छायेत आले. येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्याचा शब्द बाजारात खरा ठरला होता, त्याचा शब्द धर्माच्या बाबतीतही मित्रांना खरा वाटला. प्रेषितांनी (स.) त्यांचे नाव बदलून अब्दुर्रहमान ठेवले. पुढे मक्केतील छळ असह्य झाला, तेव्हा इ.स. ६१५ मध्ये हबशाकडे हिजरत करणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते.

मदीनेतील पहिला दिवस

इ.स. ६२२ मध्ये ते मदीनेत आले, तेव्हा मक्केतील व्यापार मागे राहिला होता. प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुभावाचे नाते जोडले. ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांना भाऊ म्हणून लाभले ह. सअद बिन रबीअ (रजि.). ते मदीनेतील सधन गृहस्थ होते. त्यांनी आपल्या संपत्तीचा अर्धा वाटा या नव्या भावापुढे ठेवला. एवढेच काय, आपल्या दोन पत्नींपैकी एकीला तलाक देऊन, इद्दत संपल्यावर तिचा निकाह त्यांच्याशी लावून देण्याचीही तयारी दर्शवली.

ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्या घरादाराला आणि संपत्तीला बरकत मिळो, अशी दुआ केली आणि केवळ बाजाराची वाट विचारली. त्यांना बनू कैनुकाचा बाजार दाखवण्यात आला. त्या दिवशी ते घरी परतले, ते थोडे सुके पनीर आणि तूप कमावून. सकाळी पुन्हा गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. काही काळ लोटल्यावर त्यांच्या कपड्यांवर विवाहप्रसंगी लावल्या जाणाऱ्या सुगंधाचा पिवळा डाग प्रेषितांच्या (स.) नजरेस पडला. विचारणा होताच त्यांनी सांगितले की, एका अन्सारी स्त्रीशी निकाह झाला आणि खजुराच्या बीइतके सोने महर म्हणून दिले. एका बकरीचे का होईना, पण वलीमा द्यावा, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सुचवले.

वाचकहो, या प्रसंगाकडे बारकाईने पाहा. ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी नात्याकडे पाठ फिरवली नाही. भावाचे छप्पर, त्याच्या घरचे अन्न आणि त्याने दाखवलेली वाट त्यांनी आनंदाने स्वीकारली. भावाचे भांडवल मात्र त्यांनी घेतले नाही. मागून घेतलेल्या पैशाने नात्यात देणेकऱ्याची खालची मान येते. दाखवलेल्या वाटेने कृतज्ञता येते. ह. सअद (रजि.) यांचे मोठेपण देण्यात होते आणि ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांचे मोठेपण किती घ्यावे हे ओळखण्यात होते. दोघांमुळे ते नाते टिकले. हिजरी ३ मध्ये उहुदच्या रणांगणावर ह. सअद (रजि.) शहीद झाले. त्याच लढाईत ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांना वीसहून अधिक जखमा झाल्या आणि पुढे त्यांच्या चालण्यात लंगडेपणा राहिला.

मक्केतील मित्राशी करार

आता या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. मक्केत उमय्या बिन खलफ नावाचा श्रीमंत सरदार होता. तो त्यांचा जुना मित्र. हाच उमय्या ह. बिलाल (रजि.) यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवीत असे. हिजरतीनंतर दोघांमध्ये एक लेखी करार झाला. मक्केत राहिलेल्या ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या मालमत्तेची व माणसांची काळजी उमय्याने घ्यायची आणि मदीनेत उमय्याच्या मालाची काळजी त्यांनी घ्यायची. करार लिहिताना उमय्याने रहमान या नावाला हरकत घेतली व जुनेच नाव लिहिण्याचा आग्रह धरला. म्हणून कागदावर अब्दे अम्र असे लिहिले गेले. हदीसशास्त्राचे थोर इमाम बुखारी (रह.) यांनी ही हकीकत वकालतीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार पाहण्याच्या प्रकरणात नोंदवली आहे. परक्या प्रदेशातील गैरमुस्लिम व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

हिजरी २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, बद्रची लढाई झाली. मक्केवाल्यांचा पराभव झाल्यावर ह. अब्दुर्रहमान (रजि.) हाती आलेली काही चिलखते घेऊन चालले होते. उमय्या आणि त्याचा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी चिलखते टाकून दिली आणि दोघांना युद्धकैदी करून त्यांचा जीव वाचवण्याचा प्रयत्न केला. एवढ्यात ह. बिलाल (रजि.) यांनी उमय्याला पाहिले आणि अन्सारांना हाक दिली. पाठलाग करणारे जवळ येताच मुलगा मारला गेला. ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी उमय्याला खाली बसायला सांगून स्वतःचे शरीर त्याच्यावर झाकले. तरीही त्यांच्या अंगाखालून तलवारी चालल्या, उमय्या ठार झाला आणि त्यांच्या स्वतःच्या पायालाही घाव बसला. त्या घावाची खूण ते पुढे लोकांना दाखवीत असत.

या प्रसंगात दोन हक्क समोरासमोर उभे आहेत. एकीकडे दिलेला शब्द आहे, दुसरीकडे वर्षानुवर्षे छळ सोसलेल्या माणसाची वेदना आहे. ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी शब्द राखण्यासाठी स्वतःचे रक्त सांडले, मात्र मित्रासाठी ह. बिलाल (रजि.) यांच्यावर शस्त्र उगारले नाही. चिलखतेही गेली आणि कैदीही गेले. पुढे ही आठवण सांगताना ते आपल्या नुकसानीचा उल्लेख करीत आणि ह. बिलाल (रजि.) यांच्यासाठी अल्लाहच्या दयेची दुआ करीत. व्यापारातील मैत्री कुठपर्यंत पाळायची, याची सीमा त्यांनी स्वतःच्या देहावर आखून दाखवली. मित्रासाठी आपण तोटा सोसावा. मित्रासाठी दुसऱ्या कोणावर अन्याय करू नये.

आपल्या खानदेशात व्यापारी, अडते आणि भागीदार वेगवेगळ्या धर्मांचे असतात. परदेशी गेल्यावर तर मालक एका देशाचा, पुरवठादार दुसऱ्या देशाचा आणि गिऱ्हाईक तिसऱ्याच देशाचे असते. करार ज्याच्याशी केला, त्याचा धर्म कोणताही असो, करार पाळणे हे मुस्लिमाचे कर्तव्य आहे, हे या चरित्रावरून मनात पक्के करा.

व्यापाराची रीत

मदीनेत पनीर-तुपापासून सुरू झालेला त्यांचा व्यापार पुढे दूरवर पसरला. हिजरी ६ मध्ये प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हातांनी त्यांच्या डोक्यावर पगडी बांधून त्यांना दूमतुल जंदल येथे पाठवले. हे ठिकाण शामच्या सरहद्दीकडील मोठी बाजारपेठ होते. तेथील कल्ब कबिल्याचा सरदार असबग याने इस्लाम स्वीकारला. त्याची कन्या तुमादिर हिच्याशी त्यांचा निकाह झाला आणि उत्तरेकडील एका मोठ्या कबिल्याशी सोयरीक जुळली. याच दांपत्याचे पुत्र अबू सलमा हे पुढे मदीनेतील नामांकित हदीसतज्ज्ञ झाले.

त्यांच्या भरभराटीचे कारण इमाम गझाली (रह.) यांनी इह्याउ उलूमिद्दीन या ग्रंथात नमूद केले आहे. त्यांनी थोडक्या नफ्याला कधी नाही म्हटले नाही, गिऱ्हाईक आले असता विक्री लांबवली नाही आणि उधारीवर विकले नाही. असेही सांगतात की, त्यांनी एकदा एक हजार उंटिणी खरेदीच्याच भावाने विकल्या आणि नफा म्हणून केवळ त्यांच्या पायबंदाच्या दोऱ्या ठेवल्या. प्रत्येक दोरी एका दिरहमला गेली. शिवाय त्या दिवसाचा चारा वाचला, तो लाभ वेगळाच. उधारीने विकणे शरीअतमध्ये निषिद्ध नाही; ती त्यांची स्वतःची सावधगिरी होती. पण बुडालेल्या उधारीने किती घरोबे तुटतात, हे तुम्ही आपल्या गावातही पाहता. थोडा नफा घेणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते आणि येताना आणखी चार जणांना घेऊन येते.

संपत्ती आणि अश्रू

सातशे उंटांचा त्यांचा काफिला मदीनेत आला आणि ते जन्नतमध्ये रांगत जातील असे सांगितले गेले, अशी कथा आपल्या बयानांतून वारंवार ऐकू येते. हदीसतज्ज्ञांनी ती विश्वासार्ह मानलेली नाही, इब्ने जौझी (रह.) यांनी तर ती बनावट हदीसांच्या संग्रहात घातली आहे. ज्या दहा सहाबींना जन्नतची शुभवार्ता मिळाली, त्यांत त्यांचे नाव आहे, हे मात्र प्रमाणित आहे. हलाल धन हा दोष नाही. ते कोठे जाते, यावर त्याची किंमत ठरते.

त्यांचे धन कोठे गेले? त्यांनी आपली एक जमीन ह. उस्मान (रजि.) यांना ४०,००० दीनारांना विकली आणि ती रक्कम आपले बनू जुहराचे आप्त, गरीब आणि प्रेषितांच्या (स.) पवित्र पत्नी यांच्यात वाटून टाकली. एकदा रोजा सोडताना त्यांच्यापुढे अन्न आले. त्यांना उहुदचे शहीद ह. मुसअब बिन उमैर (रजि.) आठवले. त्यांचे कफन इतके अपुरे होते की, डोके झाकावे तर पाय उघडे पडत. आपल्या नेकीचा मोबदला आपल्याला या दुनियेतच तर दिला जात नाही ना, या भीतीने ते रडू लागले आणि अन्न तसेच राहिले.

हिजरी २३ मध्ये खलीफा ह. उमर (रजि.) यांनी मृत्युशय्येवर सहा जणांची समिती नेमली. ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी स्वतःचा हक्क सोडला आणि निवडीची जबाबदारी स्वीकारली. तीन रात्री डोळ्याला डोळा न लावता ते लोकांचा कौल घेत राहिले आणि शेवटी त्यांनी ह. उस्मान (रजि.) यांच्या हातावर बैअत केली. ज्याने आयुष्यभर लोकांच्या ओळखीतून स्वतःसाठी पद मागितले नाही, त्याच्या निवडीवर साऱ्या उम्मतने विश्वास ठेवला.

हिजरी ३२ मध्ये, म्हणजे इ.स. ६५२ च्या सुमारास, वयाच्या पंचाहत्तरीत मदीनेत त्यांचे निधन झाले. जन्नतुल बकीमध्ये त्यांना दफन करण्यात आले. बद्रच्या लढाईत सहभागी झालेल्यांपैकी जे हयात होते, त्या प्रत्येकाला ४०० दीनार द्यावेत, अशी वसीयत त्यांनी केली होती. असे सुमारे शंभर जण होते. जुन्या सोबत्यांचा हिशेब त्यांनी मरणानंतरही उघडा ठेवला.

वाचकहो, तुमच्या घरातून कोणी परमुलखात जात असेल, तर सामान बांधताना हे चरित्र त्याला वाचून दाखवा. ओळखीच्या माणसाकडे पैसा मागण्याआधी बाजाराची वाट मागावी. एका देशात दिलेला शब्द दुसऱ्या देशात गेल्यावर विसरू नये. दुकान चालू लागले की, ज्याने पहिल्या रात्री आपली पथारी टाकायला जागा दिली, त्याच्या मुलाबाळांची विचारपूस करावी. आणि आपल्यामागून गावचा दुसरा मुलगा उतरेल, तेव्हा आपण त्याचे सअद व्हावे.

अल्लाह आपल्या कमाईत हलालची बरकत देवो, आपल्या नात्यांत अमानतदारी देवो आणि परमुलखात कष्ट करणाऱ्या आपल्या लेकरांना सुखरूप ठेवो. आमीन.