सर आर्नल्ड थायलर

ज्यांच्या गोठ्यांत संकरित गाय आहे, त्यांनीं थायलेरिया हें नांव पशुवैद्याच्या तोंडून कधीं ना कधीं ऐकलेंच असेल. गाईच्या कानांत व कासेवर गोचिडी दिसूं लागतात. मागोमाग कडक ताप येतो, खांद्यापुढील गांठी सुजतात, दूध आटतें, आणि वेळीं उपचार न झाल्यास एक दावें रिकामें होतें. आपल्या सातारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या कानांवर पडणारें हें नांव मुळांत एका मनुष्याचें आहे, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. त्या मनुष्याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

आर्नल्ड थायलर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील फ्रिक या गांवीं ता. २६ मार्च १८६७ रोजीं झाला. बर्न व झूरिक येथें पशुवैद्यकाचा अभ्यास करून ते १८८९ सालीं उत्तीर्ण झाले व दोन वर्षांनीं दक्षिण आफ्रिकेंत ट्रान्सवालच्या बोअर राज्यांत गेले. तेथें प्रिटोरियाजवळील आयरीन येथें एका मोठ्या शेतावर त्यांनीं काम धरलें. त्या शेतावर कडबा कापण्याच्या यंत्रांत सांपडून त्यांचा डावा हात गेला. पशुवैद्याचा धंदा म्हणजे दोन्ही हातांचा धंदा. बुजलेला बैल आवरणें, घोड्याचा पाय धरणें, शस्त्र चालविणें, यांपैकीं कोणतें काम एका हातानें सुखानें होणार? तथापि थायलर मायदेशीं परतले नाहींत. ते प्रिटोरियांतच राहिले, आणि १८९३ सालीं सोन्याच्या खाणींच्या प्रदेशांत देवीची सांथ आली तेव्हां त्यांनींच तिच्यावरील लस तयार करून दिली. एका हाताच्या या वैद्याचें नांव तेव्हांपासून सरकारदरबारीं झालें.

१८९६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत बुळकांड्या रोग शिरला व लाखों गुरें मेलीं. थायलर यांची सरकारी पशुवैद्य म्हणून नेमणूक झाली, आणि नाताळ वसाहतीचे पशुवैद्य वॉटकिन्स-पिचफर्ड यांच्यासह ते लस शोधण्यास लागले. याच कामासाठीं केप सरकारनें सुप्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांस किंबर्ली येथें बोलाविलें होतें. तेथूनच १८९७ सालीं कॉख प्लेगच्या संशोधनार्थ मुंबईस आले, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

बुळकांड्यानें व त्यामागून आलेल्या बोअर युद्धानें गोठे ओस पडले; म्हणून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून नवीं गुरें आणविण्यांत आलीं. त्यांच्याबरोबर एक नवाच रोग आला. १९०२ सालीं तो ऱ्होडेशियांतून ट्रान्सवालमध्यें पोंचला. पुढें त्यास पूर्व किनाऱ्याचा ताप असें नांव पडलें. शंभर गुरांस तो झाला तर नव्वदांहून अधिक दगावत. ऱ्होडेशियाच्या सरकारनें पुन्हां कॉख यांस पाचारण केलें. बऱ्या झालेल्या जनावरांचें रक्त निरोगी गुरांस वरचेवर टोंचावें, असा उपाय त्यांनीं सुचविला. परंतु तो फसला. जगन्मान्य पंडिताचा उपाय फसल्यावर इतरांनीं आशा सोडली असती तरी नवल नव्हतें.

थायलर यांनीं मात्र रोगाचा माग सोडला नाहीं. आजारी गाईचें रक्त निरोगी गाईस टोंचलें तरी रोग सहसा लागत नाहीं, हें त्यांस प्रयोगांनीं दिसून आलें. मग तो पसरतो कसा? केप वसाहतीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनीं गुरांच्या कानांत राहणारी तपकिरी गोचीड हीच रोगाची वाहक असल्याचें सिद्ध केलें, आणि थायलर यांच्या प्रयोगांनीं त्यास पुष्टि मिळाली. ही गोचीड आयुष्यांत तीन वेळां रक्त पिते व दर वेळीं जमिनीवर पडून नवें जनावर गांठते. बाल्यावस्थेंत आजारी गाईचें रक्त प्यायलेली गोचीड पुढच्या अवस्थेंत दुसऱ्या गाईस रोग देते; परंतु तिच्या अंड्यांतून तो उतरत नाहीं. या एका गोष्टींतच उपायाचें बीज होतें. एखादें कुरण सुमारें १५ महिने गुरांवांचून मोकळें ठेवलें, कीं तें निर्धोक होतें.

म्हणून कुरणांस कुंपणें घातलीं गेलीं, गुरांची ने-आण थांबविण्यांत आली, आणि सोमल मिसळलेल्या पाण्याच्या हौदांतून ठराविक दिवसांनीं गुरें पोहवून काढण्यांत येऊं लागलीं. हे नियम गरीब आफ्रिकी शेतकऱ्यांस फार जाचक झाले व कोठें कोठें त्यांनीं विरोधहि केला. ज्याची सारी संपत्ति गुरांत आहे, त्याची गाडी जागीं थांबविणें ही लहान गोष्ट नव्हे. हें काम एका पिढींत संपलें नाहीं. दक्षिण आफ्रिका या रोगांतून १९५४ च्या सुमारास मुक्त झाली. तें पाहण्यास थायलर हयात नव्हते.

१९०८ सालीं प्रिटोरियाजवळ ऑंडरस्टेपोर्ट येथें त्यांच्या देखरेखीखालीं मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. गोचिडींमुळेंच होणाऱ्या ॲनाप्लाज्मा रोगाचे जंतु त्यांनीं तेथें ओळखले, आणि त्यांतील सौम्य जातीचे जंतु टोंचून गुरांस तीव्र जातीपासून वांचविण्याची युक्ति काढली. किनाऱ्याच्या तापाच्या जंतूंचें वर्णनहि त्यांनींच केलें होतें. म्हणून १९०७ सालीं इतर शास्त्रज्ञांनीं त्या जंतूंच्या कुळास थायलेरिया हें नांव दिलें. १९१४ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला. १९२७ सालीं ते निवृत्त झाले आणि ता. २४ जुलै १९३६ रोजीं लंडन येथें वारले. त्यांची कन्या गर्ट्रूड हिनें गोचिडींच्या अभ्यासांत कीर्ति मिळविली, व पुत्र मॅक्स यास पीतज्वरावरील लशीबद्दल १९५१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्याकडील थायलेरिया हा आफ्रिकेंतल्याचा भाऊबंद. त्याची वाहक गोचीडहि निराळी. आपल्या खिल्लार गुरांस तो सहसा फारसा बाधत नाहीं, परंतु संकरित गाईंस फार जड जातो. आज त्यावर औषध आहे, भारतांत तयार झालेली लसहि आहे, आणि घाट उतरून गेल्यावर आपल्याच जिल्ह्यांत शिरवळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे. तरीहि गोठ्याच्या भेगा बुजविणें, गाईचे कान रोज तपासणें, नवें जनावर कांहीं दिवस वेगळें बांधणें, हीं कामें ज्याचीं त्यानेंच करावयाचीं असतात.

सुटींत घरीं गेल्यावर आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां आपल्या गाईच्या कानांत नीट पाहावें. जेथें थोर पंडितांचें लक्ष प्रथम गेलें नाहीं, त्या जागेंतच या रोगाचें मूळ होतें. आणि तें उपटण्याच्या कामीं एक हात गमावलेला मनुष्य आयुष्यभर झटला.