हरलेल्या शर्यतीचा मानकरी

आमचे गाव इंदापूर तालुक्यातले. रोज सकाळी एस. टी.ने बारामतीला कॉलेजात यायचे. वाटेत उसाच्या फडांवर शिकाऊ वैमानिकांचे लहानसे विमान घिरट्या घालताना दिसते. ते पाहिले की मला जे. आर. डी. टाटा आठवतात. उद्योगपती टाटा सर्वांना ठाऊक आहेत. मला आठवतात ते शर्यत हरलेले टाटा.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात ते विमान चालवायला शिकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला परवाना होय. त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड ते भारत हे अंतर, कोणत्याही बाजूने, एकट्याने विमानातून प्रथम पार करणाऱ्या भारतीयास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले.

मे १९३० मध्ये टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा अवघ्या सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. प्लगने ठिणगी दिली नाही तर सिलिंडरमधले पेट्रोल पेटत नाही. मग विमान उडणार कसे? टाटांनी आपल्याजवळच्या जादा प्लगांतून त्याला प्लग दिले. काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकला. पुढे १९६० साली तोच भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन स्वतः कराची ते जुहू असे विमान आणले. त्यांच्या विमानसेवेचा तो आरंभ. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत लढाऊ विमानांच्या तोफा काढून उंच खांबांभोवती शर्यती लावल्या गेल्या. इकडे लष्कराची डाकोटा विमाने टाटांच्या कंपनीत प्रवासी नेऊ लागली. १९४८ साली एअर इंडियाचे विमान लंडनला गेले. १९५३ साली सरकारने ती ताब्यात घेतली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

हे सारे मी वाचले ते गेल्या वर्षीच्या परीक्षेनंतर. परीक्षेआधी वर्गातल्या एका मित्राने माझी अर्थशास्त्राची वही मागितली होती. पहिला नंबर त्याचा की माझा, एवढाच प्रश्न होता. वही घरी राहिली, असे मी सांगितले. ती माझ्या पिशवीत होती. पहिला नंबर माझा आला. पेढे मात्र गोड लागले नाहीत.

यंदा त्याने मागण्याआधीच मी वही त्याच्या हाती दिली. निकाल अजून लागायचा आहे.