फ्रेडरिक बोर्गेसन

फ्रेडरिक ख्रिश्चन एमिल बोर्गेसन (जन्म : १ जानेवारी १८६६, मृत्यू : २२ मार्च १९५६) हे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ आणि शैवालतज्ज्ञ होते. फेरो बेटे, कॅरिबियन समुद्रातील डॅनिश वेस्ट इंडीज, कॅनरी बेटे, भारत आणि मॉरिशस अशा परस्परांपासून दूर असलेल्या किनाऱ्यांवरील समुद्रशैवालांचा त्यांनी अभ्यास केला. मुंबईच्या समुद्रशैवालांची सूची त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील शैवालांचा मागोवा घेणाऱ्याला या सूचीपर्यंत मागे जावेच लागते.

शिक्षण आणि नोकरी

बोर्गेसन यांनी कोपनहेगन विद्यापीठातून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली. १८९३ ते १९०० या काळात ते कोपनहेगनच्या वनस्पतिशास्त्रीय संग्रहालयात सहायक होते. १९०० मध्ये ते तेथील वनस्पती-उद्यानाच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल झाले आणि १९३५ पर्यंत त्या पदावर राहिले. वर्गीकरणशास्त्राच्या दृष्टीने ही नोकरी गैरसोयीची नव्हती. एखाद्या वनस्पतीचे ग्राह्य नाव कोणते, हे बहुधा सर्वांत जुन्या नियमबद्ध लेखनावरून ठरते; त्यामुळे जुने ग्रंथ व नियतकालिके हाताशी असणे हे सूक्ष्मदर्शकाइतकेच आवश्यक असते.

उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांची शैवाले हा त्यांच्या संशोधनाचा पहिला मोठा विषय होता. १९०४ मध्ये त्यांना याच विषयावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळाली. कोणत्या जाती आढळतात एवढीच नोंद न करता, लाटांचा मारा, प्रकाश आणि भरती-ओहोटीची पातळी यांप्रमाणे त्या कशा विभागल्या जातात, याचाही त्यांनी विचार केला. १९०५ मध्ये हेल्गी योन्सन यांच्यासह त्यांनी आर्क्टिक समुद्र व अटलांटिकचा अतिउत्तर भाग येथील शैवालांच्या प्रसाराविषयी लेखन केले.

वेस्ट इंडीज

१८९५–९६ मध्ये ओव्हे पाउल्सेन यांच्यासह बोर्गेसन डॅनिश वेस्ट इंडीजमध्ये होते. १९०५–०६ मध्ये ते तेथे पुन्हा गेले. कौलर्पा या हिरव्या शैवालाच्या प्रजातीवर त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेला निबंध विशेष उल्लेखनीय आहे. एकच जाती वाळूत, खडकावर किंवा शांत पाण्यात वेगवेगळा आकार धारण करते. हे ध्यानात न घेतल्यास एकाच वनस्पतीला अनेक नावे दिली जातात. या बेटांच्या शैवालांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९१३ ते १९२० या काळात भागाभागांनी निघाला. दरम्यान १९१७ मध्ये डेन्मार्कने ही बेटे अमेरिकेला विकली. ग्रंथाच्या शीर्षकात मात्र ती शेवटपर्यंत डॅनिशच राहिली. यानंतर कॅनरी बेटांवरील लेखमाला १९२५ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली.

मुंबईचा किनारा

१९२७–२८ च्या हिवाळ्यात, बासष्टीच्या उंबरठ्यावर असताना, बोर्गेसन भारतात आले. पश्चिम किनाऱ्यावर शैवाले गोळा करण्यास हा काळ अनुकूल असतो. पावसाळ्यातील खवळलेला समुद्र आणि गढूळ पाणी ओसरल्यानंतर खडकांवर नवी वाढ दिसू लागते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतील अंतर चार मीटरांहून अधिक असते. त्यामुळे ओहोटीला मोठा कातळपट्टा उघडा पडतो. पण काम करायला हाती वेळ थोडाच असतो. मलबार हिलच्या पायथ्याचे खडक, तसेच काठेवाडकडील द्वारका व ओखा ही त्यांच्या संग्रहाची महत्त्वाची ठिकाणे होती. त्यांच्या लेखांच्या शीर्षकांत मुंबई इलाख्याचा किनारा असा उल्लेख येतो. द्वारका-ओख्याचा ओखामंडळ प्रदेश मात्र त्या वेळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता. वाचकाने हे लक्षात ठेवलेले बरे.

या संग्रहावरील लेखन पुढील काही वर्षे चालू राहिले. हिरव्या व तपकिरी शैवालांवरील लेख १९३० ते १९३३ या काळात इंडियन बोटॅनिकल सोसायटीच्या नियतकालिकात आले, तर लाल शैवालांवरील लेख १९३१ पासून लंडनजवळील क्यू उद्यानाच्या पत्रिकेत. मुंबईची एकत्रित सूची डॅनिश राजविज्ञान अकादमीने १९३५ मध्ये छापली. त्याच वर्षी ते ग्रंथपालपदावरून निवृत्त झाले. दक्षिण भारतातील शैवालांवरील त्यांचे लेख १९३७–३८ मधील आहेत.

ही सूची प्रामुख्याने एका हिवाळ्यातील संग्रहावर उभी आहे. वर्षभराच्या ऋतुचक्राचे चित्र तिच्यात शोधणे योग्य होणार नाही. तिचे मोल वेगळ्या कारणासाठी आहे. बोर्गेसन आले तेव्हा बॅक बेच्या भरावाचे काम चालू होते. पुढे शहराचे सांडपाणी वाढले, आणखी भराव झाले आणि २०१८ मध्ये दक्षिण मुंबईतून वरळीपर्यंतच्या किनारी रस्त्याचे बांधकाम सुरू झाले. मुंबईच्या खडकांवरून काय नाहीसे झाले, असा प्रश्न विचारायचा तर आधी तेथे काय होते याची नावानिशी नोंद हवी, आणि तशी नोंद या सूचीत मिळते. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उंटवाले, धारगळकर व आगडी यांनी १९८३ मध्ये भारतातील समुद्रशैवालांची सूची प्रसिद्ध केली. अगरसाठी ग्रासिलारिया आणि अल्जिनेटसाठी सरगॅसम यांसारखी शैवाले उपयोगी पडतात. त्यांच्या लागवडीचा किंवा काढणीचा विचार करतानाही जातीची अचूक ओळख ही पहिली पायरी असते.

बोर्गेसन यांनी वापरलेली अनेक नावे पुढील संशोधनात बदलली. अशा वेळी केवळ छापील वर्णन पुरत नाही, मूळ नमुना पाहावा लागतो. त्यांचे नमुने कोपनहेगनच्या संग्रहात आहेत. मलबार हिलच्या एखाद्या शैवालाच्या नावाविषयी शंका आली, तर तिचे निरसन डेन्मार्कमध्ये होते.

अखेरची वर्षे आणि स्मृती

निवृत्तीनंतर मॉरिशसची शैवाले हा त्यांचा मुख्य विषय राहिला. ही लेखमाला १९४० मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुरू झाली. १९३८ मध्ये जे. फेल्डमन यांनी एका हिरव्या शैवाल-प्रजातीला बोर्गेसेनिया हे नाव दिले. तिचे फुगीर, गदेसारखे शरीर मोठ्या पेशीचे असल्याने जखमेनंतर पेशी व पेशीभित्ती पुन्हा कशी घडते, याच्या प्रयोगांत ते उपयोगी ठरले. बोर्गेसेनिएला ही लाल शैवाल-प्रजाती आणि १९८३ मध्ये वर्णिलेली पॅडिना बोर्गेसेनाय ही तपकिरी जातीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मॉरिशस लेखमालेचा अखेरचा भाग ट्यूगे क्रिस्टेन्सेन यांनी संपादित केला आणि तो बोर्गेसन यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.