सर जॉन चार्न्ली

मुलांनो, खुब्याचा सांधा बदलण्यापूर्वी डॉक्टर एक गोष्ट हमखास विचारतात, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का? काहींना पेनिसिलीन चालत नाही. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. त्यांना दुसरे औषध देतात. (तुमच्या आजीला असा त्रास झाला असेल, तर औषधाचे नाव लिहून ठेवा.) पण औषधाशिवायही जंतूंना अडवता येते. ते करून दाखवणाऱ्या डॉक्टरांची ही हकीकत आहे.

जॉन चार्न्ली यांचा जन्म १९११ साली इंग्लंडमध्ये झाला. रायटिंग्टन येथील रुग्णालयात ते कृत्रिम खुबे बसवू लागले. सांध्याची पहिली वाटी टेफ्लॉनची होती. ती लवकर झिजली. तेव्हा त्यांनी टेफ्लॉन चक्क आपल्याच मांडीत घालून पाहिले! १९६२ साली त्यांनी पॉलिथिलीनची वाटी बसवली. ती टिकली.

तरीही शंभरातील सुमारे सात रुग्णांचा सांधा आत पिकत असे. कृत्रिम सांध्यावर जंतूंनी ठाण मांडले, की औषध फारसे चालत नाही. पुष्कळदा सांधाच काढावा लागतो. मग जंतू येतात कुठून? कवडशात तरंगणारे कण तुम्ही पाहिले आहेत ना? तशाच कणांवरून ते जखमेत उतरतात, असे चार्न्ली यांना वाटले. त्यांनी रुग्णाभोवती छोटी बंदिस्त खोली उभारली आणि तिच्यात गाळलेली हवा सोडली. डॉक्टरांचा उच्छ्वासही नळीने बाहेर नेला. १९७० च्या सुमारास दोनशेत एखाद्याच रुग्णाचा सांधा पिकू लागला.

१९७७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९८२ मध्ये ते वारले.