एका धडक्या पायावर पाच हजार किलोमीटर

मैत्रिणींनो, हल्ली साताऱ्यासारख्या शहरातही हाफ मॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटर धावणाऱ्यांच्या टी-शर्टवर कधी कॅन्सरग्रस्तांसाठी, कधी अंध मुलांसाठी असं काहीबाही लिहिलेलं असतं. मधुमेह आणि थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या बायकाही त्यात धावतात, आणि त्यांचं मला फार कौतुक वाटतं. पण चांगल्या कामाला पैसे जमावेत म्हणून आजारी माणसाने धावायचं, ही कल्पना जगाच्या मनावर ठसवली ती बावीस वर्षांच्या एका पोराने. त्याचं नाव टेरी फॉक्स. तो रोज एक नव्हे, दोन हाफ मॅरेथॉन धावायचा, आणि तेही एका कृत्रिम पायावर!

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ चा, कॅनडातल्या विनिपेग शहरातला. वडील रोलंड रेल्वेत नोकरीला, आई बेटी. चार भावंडांत टेरी दुसरा. पुढे हे कुटुंब पश्चिम किनाऱ्याजवळच्या पोर्ट कोक्विटलम या लहानशा गावात राहायला गेलं. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरासारखंच घर. शिस्त, काटकसर आणि हाती घेतलेलं काम पुरं करायचा हट्ट.

टेरीला बास्केटबॉलचं वेड, पण उंची कमी. शाळेतल्या प्रशिक्षकांनी त्याला धावण्याकडे वळवायचा प्रयत्न केला. मात्र गडी ऐकेना. मित्र डग अलवर्डबरोबर तो सरावच करत राहिला, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी उत्कृष्ट खेळाडूचा मान दोघांनी मिळून पटकावला. पुढे सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकताना कनिष्ठ संघातही त्याने जागा मिळवली.

नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला. गुडघ्याला थोडा मार लागला. नंतर गुडघा दुखायचा, पण त्या अपघातामुळेच दुखतोय असं समजून त्याने खेळ संपेपर्यंत दुखणं अंगावर काढलं. मार्च १९७७ मध्ये उभं राहवेना तेव्हा तपासणी झाली. निदान होतं हाडाचा कॅन्सर. काही दिवसांतच त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. वय अवघं अठरा!

ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला एक मासिक आणून दिलं. त्यात डिक ट्रॉम या माणसाबद्दल लेख होता. एक पाय नसताना न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी केलेला हा माणूस. तो लेख टेरीच्या मनात रुतून बसला. तीन आठवड्यांत तो कृत्रिम पायावर चालायला लागला. पण खरी परीक्षा पुढेच होती. सोळा महिने केमोथेरपी चालली. त्या वॉर्डात त्याने लहान लहान मुलं कळवळताना पाहिली, काही बेड रिकामे होतानाही पाहिले. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, की दोनच वर्षांपूर्वी या कॅन्सरमधून वाचण्याची शक्यता शंभरात पंधरा होती, ती आता पन्नासवर आली आहे. हा फरक संशोधनामुळे पडला आणि संशोधनाला पैसा लागतो, हे त्याला उमगलं. तो आपण उभा करायचा, असं त्याने मनाशी ठरवलं.

केमोथेरपी चालू असतानाच तो व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायला लागला आणि राष्ट्रीय विजेत्या संघात जाऊन बसला. १९७९ च्या सुरुवातीला धावण्याचा सराव सुरू झाला. आधी अर्धा मैल, मग हळूहळू वाढवत. चौदा महिन्यांत पाच हजार किलोमीटर झाले. फक्त नाताळचा एक दिवस सुट्टी, तीसुद्धा आईने गळ घातली म्हणून. प्रिन्स जॉर्ज गावच्या शर्यतीत तो सत्तावीस किलोमीटर धावला आणि सगळ्यात शेवटी पोचला. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

त्यानंतर त्याने घरात खरा बेत सांगितला. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत अख्खा कॅनडा धावत ओलांडायचा. आईने साफ विरोध केला. मला इथे बेटीबाई अगदी आपल्यातल्या वाटतात. मुलगा मरणाच्या दारातून परत आलाय, त्याला पुन्हा रस्त्यावर कोण सोडेल? टेरीला आईचं बोलणं लागलं. पण काही दिवसांनी तीच आई त्याच्या पाठीशी ठाम उभी राहिली. कॅन्सर सोसायटीलाही आधी खात्री वाटत नव्हती. केमोच्या औषधांनी त्याच्या हृदयाचा आकार वाढला होता. हृदयाचा त्रास जाणवला तर ताबडतोब थांबेन, असं वचन देऊनच त्याला डॉक्टरांची परवानगी मिळाली.

१२ एप्रिल १९८० ला सेंट जॉन्स इथे त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला, दोन बाटल्यांत समुद्राचं पाणी भरून घेतलं आणि धावायला सुरुवात केली. बरोबर डग, एक व्हॅन आणि भरपूर बूट. पहिल्या दिवसांत बोचरा वारा, पाऊस, बर्फ. कुठे गाड्या अंगावर यायच्या, कुठे कुणी ओळखतही नसे. व्हॅनमध्ये दोघा मित्रांची भांडणं जुंपायची. मग टेरीचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल शाळा सोडून मदतीला आला.

दिवसाला साधारण बेचाळीस किलोमीटर. त्याच्या धावण्याची लयही वेगळीच. कृत्रिम पाय पुढे यायला वेळ लागे, म्हणून धडक्या पायाने तो एक जादा उडी घ्यायचा. कापलेल्या पायाचं टोक घासून सोलपटायचं, रक्त यायचं, फोड यायचे. तरी पहाटे उजाडायच्या आधी तो रस्त्यावर हजर.

हळूहळू देश जागा झाला. पोर्ट ओ बास्क हे गाव दहा हजार वस्तीचं, त्यांनी दहा हजार डॉलर जमवून दिले. आकडा साधाच, पण त्यातून टेरीला एक हिशेब सुचला. प्रत्येक कॅनेडियन माणसाने एक डॉलर द्यावा! तेव्हा देशाची लोकसंख्या दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास. हॉटेल व्यवसायातले इझाडोर शार्प यांचा मुलगा कॅन्सरने गेला होता. ते टेरीच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी इतर कंपन्यांनाही ओढलं. जुलैमध्ये टोरोंटोच्या चौकात दहा हजार लोक त्याच्या स्वागताला जमले. त्याच कॅन्सरने पाय गेलेला दहा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून त्याच्या मागे आला, तो दिवस टेरीला सगळ्यात मोठा वाटला.

आपल्या नावाची जाहिरात मात्र त्याने कुणाला करू दिली नाही. पैसा संशोधनाला जायचा, स्वतःला एक छदामही नको.

१ सप्टेंबरला थंडर बे शहराबाहेर त्याला खोकल्याची उबळ आली, छातीत कळ आली. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत होते. त्यांच्यासमोर थांबायचं त्याच्या जिवावर आलं. माणसं संपेपर्यंत तो धावला, आणि मग व्हॅनमध्ये बसून डगला हॉस्पिटलकडे गाडी घ्यायला सांगितली. कॅन्सर फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. आपल्या मुंबई-नागपूर रेल्वेमार्गाच्या सहापटीहून जास्त!

मैत्रिणींनो, इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या पाच महिन्यांत टेरीने वेळेवर तपासण्या केल्या नाहीत. चार महिन्यांची मेहनत कुणी थांबवेल, ही त्याला धास्ती असावी. मी महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरांत काम करते. छातीतली गाठ वर्षभर पदराआड ठेवून, लेकीचं लग्न होऊ दे मग बघू म्हणणाऱ्या बायका मला दर शिबिरात भेटतात. त्यांना कुणी सोशिक म्हणतं, कुणी धीराची म्हणतं. टेरीची गोष्ट सांगून मला त्या सोसण्याला हार घालायचा नाही. तो आपल्या बायकांसारखं घरात गप्प बसून सोसत नव्हता. आपल्याला कॅन्सर झालाय, हे त्याने हाफ चड्डीत, कृत्रिम पाय उघडा ठेवून, अख्ख्या देशाला दाखवलं. ज्या काळात लोक हा शब्द कुजबुजत उच्चारायचे, त्या काळात! आपण त्याच्याकडून घ्यायचं ते हे उघडपण. तपासणी टाळणं घ्यायचं नाही.

तो थांबला तेव्हा सतरा लाख डॉलर जमले होते. साधारण आठवडाभराने टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात एक कोटीहून जास्त जमले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत आकडा दोन कोटी चाळीस लाखांच्या पुढे गेला. माणशी एक डॉलर, त्याचा हिशेब पुरा झाला! हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. उपचार पुन्हा सुरू होते, पण २८ जून १९८१ ला, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना, तो गेला. देशभर झेंडे अर्ध्यावर उतरवले गेले.

बेटीबाईंनी घरात दार लावून घेतलं नाही. ज्या बेताला एके काळी विरोध केला तोच बेत त्या शाळाशाळांतून सांगत फिरल्या, २०११ मध्ये जाईपर्यंत. सप्टेंबर १९८१ ला पहिली टेरी फॉक्स रन झाली. तेव्हापासून ती दरवर्षी होते, अनेक देशांत होते, आपल्या मुंबईत आणि चेन्नईतही झाली आहे. आजवर कॅन्सर संशोधनासाठी ८५ कोटी डॉलरहून जास्त निधी जमला. टेरीचा पाय कापावा लागला, पण त्याच आजारात आज बहुतेक रुग्णांचा पाय वाचवता येतो. ही संशोधनाची करामत.

या रनला प्रवेश फी नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. ज्याला जमेल तो धावतो, ज्याला नाही जमत तो चालतो, कुणी व्हीलचेअरवर येतो. आपल्या गावात मंडळातर्फे अशी एखादी फेरी काढायला काय हरकत आहे? साडी नेसून चाललं तरी चालेल. आणि फेरी संपते त्या ठिकाणी तपासणीचं टेबल मात्र न विसरता ठेवायचं.