नाल्यापलीकडचा मुक्काम

नागपुरात हिस्लॉप हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणे कठीण. सिव्हिल लाइन्समध्ये टेंपल रोडवर त्या नावाचे कॉलेज उभे आहे. आजोबा, मुलगा आणि नात अशा तीन पिढ्या तिथेच शिकल्या, अशी घरे आपल्या ओळखीत असतात. पण हे हिस्लॉप होते कोण, असे विचारले की बहुतेकांची गाडी मिशनरी एवढ्याच स्टेशनावर थांबते. मिशनरी ते होतेच. पण नागपूरभोवतीचा मुलूख पायांखाली घालून, वाटेतला प्रत्येक दगड उलटून पाहणारा एक जातिवंत भटक्याही त्यांच्यात होता. सहलीला जायचे म्हणजे पचमढी नाही तर चिखलदरा, असे आपण धरून चालतो. या माणसाने सीताबर्डीच्या टेकडीवर आणि टाकळीच्या माळावर जे पाहिले, त्याने लंडनच्या विद्वानांना कामाला लावले.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावचा. वडील गवंडी. दगडावरच पोट असलेल्या घरातला हा धाकटा मुलगा. थोरल्या भावाला निसर्गाचा नाद होता आणि त्याच्यामागून रानात हिंडताना किडे, शिंपले, दगड गोळा करायची सवय धाकट्यालाही लागली. पुढे एडिंबरा आणि ग्लासगो येथे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली तेव्हा ते नव्या फ्री चर्चबरोबर गेले. दुसऱ्याच वर्षी एरास्मा हल हिच्याशी लग्न करून ते हिंदुस्थानात यायला निघाले आणि १८४४ च्या डिसेंबरात मुंबईला उतरले.

मुंबईहून नागपूर गाठणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. रेल्वे इथे आली ती १८६७ मध्ये. म्हणजे हिस्लॉप यांनी नागपूरला आलेली आगगाडी कधी पाहिलीच नाही. १८४५ च्या आरंभी हे नवे जोडपे सडकेने कामठीच्या छावणीत पोचले. गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. हिस्लॉप मराठी शिकले, १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली आणि तिच्यातूनच पुढे, त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये कॉलेज उभे राहिले. त्यांच्या धर्मप्रसाराच्या कामावर तेव्हाही वाद झाले आणि आजही होतील. तो या लेखाचा विषय नाही.

त्या काळी हिवाळा म्हणजे दौऱ्यांचा हंगाम. पाऊस सरला, शेतातला चिखल वाळला, की बैलगाडीवर राहुट्या लादून साहेब लोक बाहेर पडत. तंबू आमराईत पडे, जवळ विहीर पाहिली जाई आणि पहाट फुटता फुटता पुढच्या मुक्कामाकडे चालू लागायचे, ऊन तापायच्या आत पोचायचे. विदर्भात भटकायचे वेळापत्रक आजही याहून निराळे असूच शकत नाही. दिवाळी ते होळी हे आपले खरे महिने. एप्रिलनंतर दहा वाजता डोंगरावर असणे म्हणजे आजारपणाला घरी बोलावणे.

हिस्लॉप प्रवचनासाठी गावोगाव जात. गावात माणसे आणि गावाबाहेर खडक, अशी त्यांची विभागणी असावी. सोबत बहुधा रॉबर्ट हंटर हे सहकारी असत. हे हंटर पुढे इंग्लंडला परतून मोठे कोशकार झाले. नागपुरात मात्र ते हिस्लॉप यांच्या बरोबरीने हातोडा चालवीत होते. १८५१ च्या सुमारास टाकळीच्या बाजूला फिरायला गेले असता दोघांना दगडात एक गोगलगाईचा शंख दिसला. आपण उचलून मुलाच्या हातात दिला असता आणि विसरलो असतो. हे दोघे थबकले. शंख गोड्या पाण्यातल्या प्राण्याचा, आणि ज्या थरात तो सापडला त्याच्या वरही ज्वालामुखीचा काळा खडक, खालीही तोच. याचा अर्थ काय? लाव्हारसाचा एक लोंढा येऊन थंड झाला. मग मध्ये पुष्कळ काळ शांततेत गेला, तळी साचली, झाडे वाढली, गोगलगाई जगल्या, आणि त्यानंतर पुन्हा लाव्हा आला. आपण ज्याला काळा पत्थर म्हणून पायरीला लावतो, त्याच्या पोटात असा सारा इतिहास दडलेला. टाकळीतून त्यांनी शंखांबरोबर फळे, बिया, भुंगेऱ्यांच्या पंखांची टरफले एवढे सगळे जमवले. तिथलेच एक हिरवेगार खनिज १८५९ मध्ये हिस्लॉपाइट नावाने शास्त्राच्या पुस्तकात गेले. ती टाकळी आता शहरात आली आहे. जिथे हे दोघे वाकून दगड पाहत होते तिथे आज वस्ती आहे.

सीताबर्डीच्या टेकडीची तर कमालच म्हणायची. गडद लाव्हाचा थर, मध्ये तळ्याचा गाळ, पुन्हा लाव्हा, असा तिचा उभा छेद त्यांनी रेखाटला. नागपूर शहर बरोबर एका सांध्यावर बसले आहे. पश्चिमेला सह्याद्रीपर्यंत पसरलेला काळा खडक इथे संपतो आणि पूर्वेला त्याहून फार प्राचीन खडक सुरू होतो. काटोल रोडने गेलात तर माती काळी, भंडारा रोडने गेलात तर रंग बदलतो. मुलांना स्कूटरवर बसवून एका रविवारी दोन्ही बाजूंना नेऊन आणावे, भूगोलाचा एक धडा आपोआप पाठ होतो.

कामठीजवळ सिलेवाड्याला त्यांना वालुकाश्मात पाने सापडली. जिभेच्या आकाराची, मधोमध ठळक शीर असलेली. ग्लॉसॉप्टेरिस हे त्यांचे नाव. चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये नागपूरच्या या वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. याच जातीची पाने ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका या सगळीकडे निघत गेली. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात प्राण सोडून पडले, त्यांच्या सामानातल्या दगडांवरही तीच पाने होती. हे सारे भूखंड एकेकाळी जोडलेले होते या कल्पनेला त्या पानांनी मोठा आधार दिला. त्या जुन्या महाखंडाला जगभर गोंडवन म्हणतात ते आपल्याकडच्या गोंड राज्यांवरून, आणि कामठीचे नाव तर त्या खडकांच्या एका थरालाच मिळाले. सिलेवाड्याला आज कोळशाची खाण आहे. कोळसाही त्या काळच्या झाडांचाच.

दक्षिणेकडचे दौरे लांबचे. नागपूरपासून सुमारे ६० मैलांवर मांगली येथे एका प्राचीन उभयचर प्राण्याची चपटी कवटी मिळाली. तिचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे ओवेन. प्राणहितेच्या काठी कोटा येथे खडकात मासे निघत, तेही हिस्लॉप यांनी मिळवले. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला त्यांना प्रचंड हाडे आणि अश्मीभूत विष्ठेचे गोळे सापडले. विष्ठा म्हणताच नाक मुरडू नये. पिसदुऱ्याच्या अशाच गोळ्यांची तपासणी करून भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की डायनोसॉरच्या काळातही गवत होते आणि ते खाल्ले जात होते. तोवर गवत फार पुढचे, असाच समज होता. नांगरटीच्या शेतात पडलेल्या गोळ्यांनी तो बदलला.

दगडाइतकेच त्यांचे माणसांकडे लक्ष होते, आणि मला विचाराल तर हीच त्यांची मोठी पुंजी. गोंडांच्या भाषेचे शब्द त्यांनी गोळा केले. एका परधानाच्या तोंडून लिंगोची दीर्घ गाथा उतरवून घेतली. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक आणि वंशकथा सांभाळणारे. ऐकून घेणारा भेटला नसता तर त्या वेळची ती गाथा तशीच हवेत विरली असती. आपण एखाद्या गावावरून ट्रेकला जातो तेव्हा चहा पिऊन, वाट विचारून पुढे सटकतो. पाराजवळच्या म्हाताऱ्याजवळ अर्धा तास बसले तर कोणती टेकडी कोणत्या नावाची, कोणत्या झऱ्याला मार्चपर्यंत पाणी, अस्वल कुठल्या बाजूला येते, हे सगळे फुकट कळते. कुठल्याही नकाशात ते नसते.

१८५३ च्या डिसेंबरात रघुजी वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. नव्या कारभारातल्या अंदाधुंदीबद्दल हिस्लॉप यांनी वर्तमानपत्रांतून लिहिले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, आणि १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आले. साहेबाला मुलूख समजून घ्यायचा होता आणि मुलूख समजलेला माणूस सीताबर्डीला आयताच होता. दोघांचे जमले. १८६३ मध्ये नागपूरला संग्रहालय स्थापन झाले, आपला अजब बंगला. त्याच वर्षी पावसाळ्यात टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप टाकळघाटला गेले.

टाकळघाट नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीच्या बाजूला. तिथे आणि शेजारच्या खाप्याच्या शिवारात मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली, अडीच हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी. असली शिळावर्तुळे नागपूरभोवती पुष्कळ आहेत. काटोल रोडवर जुनापाणी, मग माहूरझरी, नायकुंड. हिस्लॉप यांना त्यांचे कोडे कित्येक दिवस होते. ४ सप्टेंबरला सगळ्यांनी मिळून ती पाहिली. टेंपल यांचा मुक्काम बोरीला होता. मंडळी तिकडे परतली. हिस्लॉप मात्र गावातली शाळा पाहायला मागे राहिले. मास्तरचा जीव, शाळा दिसली की पाय अडायचाच.

संध्याकाळी ते एकटे घोड्यावर निघाले. वद्य पक्षातली रात्र, चंद्र उशिरा उगवणारा. वाटेत एक नाला होता. पावसाने तो भरला होता. मुक्कामावर घोडा पोचला तो रिकामा. मंडळी उलट धावली आणि पाण्यात त्यांचा देह सापडला. सेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. अठरा वर्षे ज्यांनी या मुलखाच्या नद्या, नाले, घाट पालथे घातले, ते एका नाल्यात गेले. आणि तोही कुठला मोठा नावाजलेला नाही. अशा नाल्याला आपण उन्हाळ्यात उडी मारून ओलांडतो.

इथे थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण विदर्भात दर पावसाळ्यात अशा बातम्या येतच असतात. सप्टेंबरापर्यंत आपली काळी जमीन पाणी पिऊन तुडुंब झालेली असते. मग पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ नाल्याकडे धावतो. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असते आणि पाच कोसांवर वर पडलेली सर तासाभराने आपल्यासमोर येते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, काड्या-पालापाचोळा वाहू लागला, आवाज बदलला, की पाऊल मागे घ्यायचे. गुडघाभर पाणीसुद्धा वेगात असेल तर धडधाकट माणसाला आडवे करते. घोड्याच्या पोटाला पाणी लागले की त्याचे पाय सुटतात, मोटारीचेही तसेच. रपट्यावरून पाणी जात असेल तर समोरचा ट्रक गेला म्हणून आपण जायचे नाही. अंधारात तर नाहीच, आणि एकट्याने कधीच नाही. ओलांडणे अगदीच भाग पडले तर पाठीवरच्या सॅकचे बंद सैल करून ठेवावे, म्हणजे पडलो तर ती टाकता येते. चढणारे पाणी उतरतेही लवकर. अलीकडच्या काठावर दोन तास बसून राहावे लागले तर डबा उघडावा. घरचे चिंता करतील हे खरे, तेव्हा निघतानाच उशीर होऊ शकतो असे सांगून निघावे.

हिस्लॉप यांचे कागद टेंपल यांनी सांभाळले. मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयीचे ते टिपण, लिंगोच्या गाथेसह, १८६६ मध्ये नागपुरातूनच प्रसिद्ध झाले. शिळावर्तुळांचे कोडे सुटायला मात्र शंभरावर वर्षे लागली. टाकळघाट आणि खाप्याला १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी रीतसर उत्खनन केले, पाठोपाठ माहूरझरीलाही. माहूरझरीच्या वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या, मणी निघाले, आणि माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले. त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे साजसुद्धा. त्या लोकांना घोडा इतका जिवाचा होता.

ही वर्तुळे मुलांना दाखवायची असतील तर जुनापाणी सगळ्यांत सोयीचे. काटोल रोडने शहराबाहेर पडले की तासाभरात पोचून हिंडायला सुरुवात होते. थंडीतली सकाळ निवडावी, पाणी घरून न्यावे, पायांत बूट असावेत, कारण कुसळे फार. तिथल्या काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले छोटे छोटे खळगे आहेत. तिरपे ऊन असते तेव्हाच ते नीट उठून दिसतात, म्हणून नऊच्या आत जावे. हातोडा नेऊ नये आणि खडाही उचलून आणू नये, त्या जागेला कायद्याचे संरक्षण आहे. टाकळघाट-खाप्याला जायचे तर दिवाळी उलटून गेल्यावर. तोवर वाटेतले नाले खाली उतरलेले असतात.